‘तू हे ठरवून केलंस का?’ प्रेम, लैंगिक कल आणि निवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. वय बेचाळीस. लग्न झालेलं नाही, आणि का झालेलं नाही हे घरच्यांना, क्लासमधल्या निम्म्या लोकांना आणि औशाच्या एका मावशींना माहीत आहे. मावशींना माहीत आहे म्हणजे तालुक्याला माहीत आहे. तेव्हापासून लोक प्रश्न विचारतात. कुणी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर, कुणी गंजगोलाईत चहा पिता पिता, ‘एका मित्राचं विचारायचं होतं’ अशी सुरुवात करून. उदगीर, परभणी, बीड, नांदेड, कुठूनही. फिरून फिरून सगळे एकाच जागी येतात: हे माणूस ठरवतो का? मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. वाचलेलं, भोगलेलं आणि जाणकारांना विचारून खात्री केलेलं तेवढंच इथे लिहितोय.

लैंगिक कल म्हणजे नेमकं काय? सोपं करून सांगा.

तुमचं मन आणि शरीर कुणाकडे ओढलं जातं, पुरुषाकडे, बाईकडे, दोघांकडे की कुणाकडेच नाही, त्या ओढीची दिशा म्हणजे कल. लोक इथे तीन गोष्टी एकाच पोत्यात भरतात. एक ओढ. दुसरं वागणं, म्हणजे त्या ओढीचं आपण काय करतो ते. तिसरी ओळख, म्हणजे स्वतःला गे म्हणायचं, समलिंगी म्हणायचं, की काहीच न म्हणता गप बसायचं. दोन लेकरांचा बाप असलेला आणि आयुष्यात पुरुषाला हातही न लावलेला माणूस समलिंगी असू शकतो. वागायचं कसं आणि स्वतःला म्हणवायचं काय, हे माणूस ठरवू शकतो. ओढीचं तसं नाही.

पण तुम्ही कधीतरी ठरवलंच असेल ना?

किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ ला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमचं गाव पडलं आणि पुढची काही वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढली. मी तेराचा असताना शेडांच्या तिसऱ्या लाइनीतला एक पोरगा सायकलींची पंक्चर काढायचा. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. घमेल्यात पाणी घ्यायचा, ट्यूब दाबून बुडवायचा आणि बुडबुडा कुठून येतो ते मान वाकडी करून बघायचा. त्या वाकड्या मानेकडे मी बघत बसायचो. का, ते कळत नव्हतं. गे हा शब्द मी तोवर ऐकलाही नव्हता, आणि ज्याचं नावच माहीत नाही ते माणूस निवडणार कसं?

त्या पावसाळ्यात माझी सायकल महिन्यातून चार-चारदा पंक्चर व्हायची. त्यातली तीन मी स्वतः बाभळीचा काटा टोचून केलेली. ओढ मी निवडली नव्हती. काटा मात्र मी निवडला होता, आणि वडिलांनी एका पंक्चरचे दोन रुपये देताना प्रत्येक वेळी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं होतं.

बाकीच्या मुलांना मुली आवडतात ते आपोआप, आणि तुमचंच वेगळं, असं कसं?

हाच प्रश्न उलटा करून बघा. तुम्हाला मुली आवडतात हे तुम्ही कोणत्या दिवशी, कोणत्या बैठकीत ठरवलंत? कुणालाच सांगता येत नाही. वर्गात एक दिवस पुढच्या बाकावरची वेणी दिसायला लागते, बस. आधीही ती तिथेच असते.

आपल्याकडचं एक उदाहरण मला यात फार बोलकं वाटतं. मराठवाड्यात कितीतरी घरांत मामाच्या पोरीवर हक्क सांगतात. पोरगं रांगत असल्यापासून सगळे म्हणतात, ‘ही बघ तुझी बायको.’ लग्नाकार्यात दोघांना शेजारी बसवतात, चिडवतात, फोटो काढतात. अठरा-वीस वर्षं सगळं गणगोत राबून एक ओढ तयार करायचा प्रयत्न करतं. आणि शेवटी? कुणाचं जमतं. कुणी म्हणतो, ‘नाही ओ, मला ती बहिणीसारखी वाटती.’ इतक्या जणांनी इतकी वर्षं मेहनत करून एका सरळ, म्हणजे मुलींकडेच ओढ असलेल्या, मुलाच्या मनात एका ठरावीक मुलीबद्दल ओढ उगवत नाही. मग कुणी न सांगता, उलट सगळे विरोधात असताना एखाद्यानं समलिंगी व्हायचं ठरवलं, हे कुणाला खरं वाटतं कसं?

संगोपनात काही चुकतं का? आईनं लाडावलं, मुलींत वाढला, असं म्हणतात.

हा प्रश्न बहुतेक वेळा आयाच विचारतात, आणि विचारताना आवाज बारीक झालेला असतो. परळीच्या एका काकूंनी मला फोनवर पहिलं वाक्य हेच म्हटलं, ‘मी त्याला लहानपणी झबल्याऐवजी फ्रॉक घालत होते, त्याच्यानं झालं का?’ नाही, काकू. फ्रॉक घातलेली निम्मी पोरं आज ट्रॅक्टर चालवतात आणि लेकरं शाळेला सोडतात. आई प्रेमळ, बाप कडक किंवा अलिप्त, म्हणून मुलगा समलिंगी, हा सिद्धांत मागच्या शतकात फार चालला. तपासायला गेल्यावर टिकला नाही.

काही मुलं जन्मतः ओटीपोटाच्या आणि जननेंद्रियांच्या गंभीर व्यंगासह जन्माला आली. शरीरानं मुलगे. एके काळी परदेशातल्या डॉक्टरांनी अशा काहींच्या शस्त्रक्रिया करून त्यांना मुली म्हणून वाढवलं. नाव मुलीचं, कपडे मुलीचे, खेळणी मुलीची. अशी प्रकरणं मोजकीच आहेत, पण त्यातली जी पुढे अभ्यासली गेली त्यांत मोठेपणी ओढ बहुतेक बायकांकडेच निघाली. संगोपनानं कल घडत असता तर इथे तरी घडायला हवा होता.

मग जन्मतः असतं का? विज्ञान काय म्हणतं?

इथे मी जरा वेळ घेतो, कारण दोन्ही बाजूंचे लोक यात घाई करतात.

‘गे जीन’ असा एक जीन नाही. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. जवळपास पावणेपाच लाख लोकांची जनुकीय माहिती त्यात तपासली होती. निष्कर्ष असा, की समलिंगी संबंधांशी थोडाफार संबंध असलेल्या जागा जनुकांत सापडतात, पण प्रत्येकीचा वाटा अगदी चिमूटभर. रक्त तपासून ‘हा गे निघणार’ असं कुणी सांगू शकत नाही. ही बातमी आली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये एक सर टाळी देऊन म्हणाले, ‘बघा, जीन नाही म्हणजे निवड आहे!’ मी त्यांना विचारलं, ‘सर, तुमच्या उंचीचा तरी एक जीन आहे का? मग पाच फूट चार इंच तुम्ही निवडली का?’ त्यानंतर ते माझ्याशी दोन आठवडे बोलले नाहीत, ते मला चाललं.

जुळ्यांच्या अभ्यासांतही हेच दिसतं. एकाच फलित बीजांडापासून झालेल्या सारख्या जुळ्यांत एक समलिंगी असेल तर दुसरा असण्याची शक्यता वाढते, पण दुसरा असतोच असं नाही. म्हणजे जनुकांचा वाटा आहे, आणि जनुकांपलीकडचंही काही आहे. ते ‘पलीकडचं’ म्हणजे लगेच संगोपन असं समजू नका. गर्भातही बरंच घडतं.

याचा सगळ्यात पक्का पुरावा थोरल्या भावांचा आहे, आणि भरलेल्या घरात वाढलेल्यांना तो गमतीचा वाटेल. एकाच आईच्या पोटी आधी जितके मुलगे झाले, तितकी धाकट्या मुलग्याची समलिंगी असण्याची शक्यता थोडी थोडी वाढते. प्रत्येक थोरल्या भावामागे साधारण एक तृतीयांश. समजा शंभरात दोन असेल, तर एका थोरल्या भावानंतर शंभरात पावणेतीनच्या आसपास. म्हणजे चौथा-पाचवा मुलगासुद्धा बहुतेक वेळा सरळच असतो. पण गंमत पुढे आहे. अँथनी बोगार्ट या संशोधकानं २००६ मध्ये दाखवलं की हा परिणाम सख्ख्या भावांचाच होतो. दत्तक किंवा सावत्र भाऊ घरात कितीही असले तरी होत नाही. उलट सख्खा भाऊ दुसऱ्या घरी वाढला असला तरी होतो. म्हणजे गोष्ट घरात घडत नाही, आईच्या पोटात घडते. आईचं शरीर प्रत्येक मुलग्याच्या गर्भाला थोडं वेगळं उत्तर देत जातं, असा त्याचा अर्थ लावतात.

मी चार भावांतला धाकटा. हे वाचलं तेव्हा मी थोरल्याला फोन करून म्हटलं, ‘तुमच्यामुळं झालंय सगळं.’ तो म्हणाला, ‘मंग शेतातला वाटा कमी घे.’

सगळं कोडं सुटलेलं नाही. कल नेमका कसा घडतो याचं एकच कारण अजून हाती लागलेलं नाही. पण तो लहानपणीच, ठरवण्याच्या वयाच्या आधी रुजतो आणि इच्छेनं बदलत नाही, यावर या क्षेत्रात काम करणाऱ्यांमध्ये फारसा वाद उरलेला नाही.

पण काहींचं मोठेपणी बदलतं. माझी मैत्रीण आधी मुलाच्या प्रेमात होती, आता मुलीच्या.

होतं असं, विशेषतः बायकांच्या बाबतीत. अमेरिकेतल्या लिसा डायमंड या मानसशास्त्रज्ञानं काही स्त्रियांचा दहा वर्षं माग ठेवला, तेव्हा अनेकींची ओढ किंवा स्वतःला द्यायचं नाव मधल्या काळात बदललेलं दिसलं. पण त्यांनी ते ठरवून बदललं नव्हतं. आपोआप बदलणं वेगळं आणि आपण बदलणं वेगळं. मांजरा नदीनं पात्र बदललं म्हणजे ते कलेक्टरनं बदलायला लावलं असं होत नाही. शिवाय दोघांकडेही ओढ असणारी माणसं असतात, त्यांना उभयलैंगिक म्हणतात. तुमच्या मैत्रिणीचं तसंही असेल. तिलाच विचारा, तिची इच्छा असेल तर सांगेल.

डॉक्टरकडे नेलं तर बरं होतं का? एक बाबा आहेत, अंगारा देतात.

आजार असेल तर बरं होईल. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्ये समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० ला काढलं. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं की हा आजार नाही.

मला २००५ साली नेलं होतं. सोयाबीनचे पैसे नुकतेच आले होते. एका शहरातल्या एका डॉक्टरांनी, त्यांचं नाव घेत नाही, दार लावून वडिलांशी अर्धा तास बोलून घेतलं, माझ्याशी दोन मिनिटं, आणि ‘ताकदीची’ सहा इंजेक्शनं लिहून दिली. दर आठवड्याला एक. वडील एसटीनं माझ्यासोबत यायचे, बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. त्या इंजेक्शनांत काय होतं ते मला आजही माहीत नाही. मला तोंडभर मुरमं आली आणि स्वप्नं होती तीच राहिली. पुरुषी संप्रेरकं देऊन कल बदलण्याचे प्रयोग जगात पूर्वी पुष्कळ झालेत. त्यानं इच्छा वाढते, दिशा बदलत नाही. गाडीत पेट्रोल जास्त घातलं म्हणून नांदेडची गाडी सोलापूरला जात नाही.

रॉबर्ट स्पिट्झर यांची गोष्ट माहीत असू द्या, कारण कुणीतरी तुम्हाला त्यांचं नाव ऐकवेल. १९७३ च्या त्या निर्णयात या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाचा मोठा हात होता. त्यांनीच २००३ मध्ये एक अभ्यास छापला, की मनापासून बदलायची इच्छा असलेले काही जण उपचारांनी बदलले. जगभर त्याचा डंका वाजला. अभ्यास होता फोनवरच्या मुलाखतींचा, आणि लोक स्वतःबद्दल जे सांगत होते ते खरं धरण्यापलीकडे त्यात काही नव्हतं. २०१२ मध्ये स्पिट्झर यांनी स्वतःच तो चुकला असं मान्य केलं आणि समलिंगी लोकांची माफी मागितली.

आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयानं जून २०२१ मध्ये अशा उपचारांना मनाई करण्याचा आदेश दिला. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये कल बदलण्याचे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे तुम्हाला इंजेक्शनं लिहून देणाऱ्या डॉक्टरविरुद्ध मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. अंगाऱ्याविरुद्ध अशी सोय नाही, पण तो निदान टोचत तरी नाही.

मन खचलं असेल, झोप उडाली असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर मात्र मदत जरूर घ्या. ते कल बदलण्यासाठी नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलतात.

लग्न लावून दिलं की ठिकाणावर येईल, असं आमचे नाना म्हणतात.

नानांना एक विचारा: कुणाची मुलगी प्रयोगाला घ्यायची ठरवलीय?

मी यावर चिडतो, माफ करा. मी कमीत कमी आठ अशी लग्नं जवळून पाहिलीत. बीड जिल्ह्यातल्या एकाचं सांगतो. घरची ऊसतोड. दसरा-दिवाळीनंतर अख्खं गाव कारखान्यावर जातं हे तुम्हाला सांगायला नको. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकटा माणूस हा ‘अर्धा कोयता’. या मुलाच्या बापानं मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची होती, म्हणून एकोणिसाव्या वर्षी त्याला सतरा वर्षांची बायको करून दिली. कायद्यानं ते बालविवाहात बसतं, पण तिथे कोण विचारतं. तो मला म्हणाला, ‘सर, मला बाई आवडती का पुरुष, हे इचारायची पद्धतच नाही आमच्यात. अर्ध्याचा पूर्ण करायचा होता, केला.’

ती पोर पहाटे तीनला उठून मोळ्या बांधायची. रात्री खोपीत नवरा तोंड फिरवून झोपायचा. तिनं दोन वर्षं स्वतःत खोट शोधली. सासूनंही तिच्यातच शोधली: ‘हिलाच नवऱ्याला धरून ठेवता येईना.’ शेवटी त्यानं तिला खरं सांगितलं, फडातच, दुपारी, पाचटावर बसून. तिनं काय म्हणावं? ‘मंग मला आधी सांगायचं होतं. मी काय बोंबलले असते का?’

समलिंगी असणं ही निवड नाही, हे मी कुणाशीही मांडायला तयार आहे. पण सगळं माहीत असताना एका अनभिज्ञ मुलीला मांडवात उभं करणं ही निवड आहे. मुलाची थोडी आणि घरच्यांची बरीच. या सगळ्या प्रकरणात खरोखर ठरवून केलेल्या गोष्टी शोधायला गेलं तर त्या बहुधा त्या पोराच्या नसतात. स्थळ बघणं, जीव देण्याची धमकी देणं, मोबाइल काढून घेणं, शिक्षण बंद करणं, सोयऱ्यांत खोटं सांगणं: हे सगळं कुणीतरी ठरवतं. कायद्याच्या बाजूनंही बघा. हिंदू विवाह कायद्यात महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून मिळवलेली संमती हे लग्न रद्द करून मागायचं कारण ठरू शकतं. मुलीच्या बापाला हे कळलं की नानांना कोर्टाच्या चकरा माराव्या लागतील.

आमच्या गल्लीतला एक मुलगा बायकी चालतो. तो गे आहे का?

मला काय माहीत? चालण्यावरून कळत नाही. बायकी चालणारे सरळ पुरुष असतात आणि मिशीला पीळ देणारे समलिंगीही. ‘बायल्या’ हा शब्द आधी वापरणं बंद करा, मग तो मुलगा हवं तर स्वतः सांगेल.

लिंगओळख ही याहून वेगळी गोष्ट: मी स्वतःला आतून कोण समजतो, पुरुष, बाई की आणखी कुणी. बीड पोलीस दलातल्या ललित साळवे यांची बातमी २०१८ मध्ये सगळीकडे गाजली. महिला शिपाई म्हणून भरती झाले होते, मुंबईत शस्त्रक्रिया झाली, पुरुष म्हणून नोकरीत राहिले. तो प्रश्न ‘मी कोण’ याचा होता. माझा ‘मला कोण आवडतं’ याचा. तुळजापूरला परडी घेऊन लुगडं नेसलेले जोगते आपण लहानपणापासून पाहतो, पाया पडतो. तिथे लुगडं कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. गल्लीतल्या पोरानं नुसती मान वेळावली की येतं.

हे मुंबई-पुण्याचं, मोबाइलचं फॅड नाही का?

माझ्या तिसऱ्या लाइनीत लाइटसुद्धा धड नव्हती. वात्स्यायनाच्या कामसूत्रात याचा उल्लेख आहे, आणि त्याच्याकडे मोबाइल नव्हता. मोबाइलनं एवढंच झालं, की हिंगोलीच्या मुलाला आपल्यासारखा दुसरा कुणी आहे हे कळायला आता तीस वर्षं लागत नाहीत. याच फोनवर गोड बोलून बोलावणारे, फोटो काढून पैसे उकळणारेही आहेत. पहिली भेट लोकांच्या वर्दळीत घ्या. कुणी धमकावलं तर एक रुपयाही देऊ नका. मेसेज पुसून टाकू नका आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० नंबरवर फोन करा.

प्रेमात पडणं तरी निवड आहे का? की तेही आपोआप?

पडणं आपोआप. म्हणून तर आपण ‘पडलो’ म्हणतो. ‘प्रेमावर चढलो’ असं कुणी म्हणत नाही.

राहणं मात्र मला निवड वाटतं. औराद शहाजानीकडचं एक जोडपं मला माहीत आहे, मुलगा-मुलगीच, जाती वेगळ्या. पळून गेले, सहा वर्षं पुण्यात राहिले. प्रेमात पडायला त्यांना एका लग्नाचा बस्ता पुरला होता, कापडाच्या दुकानात दोघं शेजारी बसली होती. पण नंतर मुलीच्या वडिलांच्या अंत्यविधीला गावात येऊ दिलं नाही तेव्हा, मुलाची नोकरी गेली तेव्हा, दोघांनी जे केलं ते त्यांना कुठल्या ओढीनं करायला लावलं नाही. रोज सकाळी उठून ठरवावं लागत असणार. समलिंगी जोडप्यांचंही याहून निराळं काही नाही. कुणाकडे ओढलं जायचं ते हातात नसतं, त्याच्या आजारपणात रजा टाकायची की नाही ते असतं.

निवड नाही म्हणून तुम्हाला स्वीकारायचं. उद्या कुणी म्हणालं, ‘मी निवडलंय’, तर?

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकदाच कुणी विचारलाय, संभाजीनगरच्या एका विद्यार्थिनीनं. तिनं मला अडवलं, कारण तोवर मीही ‘आम्ही जन्मतः असे, आमचा काय दोष’ हेच सांगत फिरत होतो. ती म्हणाली, ‘सर, जात पण जन्मतः मिळते. म्हणून कुणी सोडलं का?’

मला उत्तर सुचलं नाही. तिचं खरं होतं. ज्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत या भागात घरं जळाली, माणसं मेली, तिथे ती शिकत होती. जन्मानं मिळालेल्या, न निवडलेल्या गोष्टीमुळे कुणाला दया आल्याचं मराठवाड्याच्या इतिहासात तरी दिसत नाही. आणि उलट बाजूनं बघा. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. एकवीस वर्षं विचार करून केलेली निवड होती ती. निवडलेला धर्म जन्मजात धर्माहून कमी हक्काचा, असं घटनेच्या पंचविसाव्या कलमात कुठेही नाही.

तेव्हापासून मी बोलायची पद्धत बदलली. कल ही निवड नाही, हे खरं आहे म्हणून सांगतो. माफी मिळावी म्हणून सांगत नाही. दोन सज्ञान माणसं कुणाला न दुखवता एकमेकांसोबत राहतात, तर ती तशी का राहतात याचा हिशेब त्यांनी ग्रामपंचायतीला का द्यावा?

कायदा काय सांगतो?

इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. पाच न्यायाधीश, एकमतानं. त्या निकालात कल नैसर्गिक आहे हेही म्हटलंय आणि जोडीदार निवडणं हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे हेही. दोन्ही एकत्र. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. लग्नाचा हक्क मात्र मिळालेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयानं तो संसदेवर सोडला.

मुलींसाठी एक खास. मुलगा असेल तर निदान क्लासच्या नावाखाली लातूरला राहू शकतो. मुलीचं कळलं की कॉलेज बंद, फोन बंद आणि पंधरा दिवसांत पाहुणे दारात. तुम्ही अठरा वर्षांच्या असाल तर घरच्यांना तुम्हाला कोंडून ठेवता येत नाही. कोंडलंच तर जोडीदार किंवा मैत्रीण उच्च न्यायालयात अर्ज करू शकते. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा प्रकरणांसाठी न्यायालयांना सूचना दिल्यात: मुलीशी एकांतात बोला, ती सज्ञान असेल आणि कुठे जायचं ते सांगत असेल तर जाऊ द्या, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलू बघू नका. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे.

रविवारी मुलगी बघायला जायचं ठरलंय. आज गुरुवार आहे. काय करू?

घाबरू नका, पण आजच हला. सगळ्यांना एकदम सांगायची गरज नाही आणि ‘मी गे आहे’ हे वाक्य रविवारच्या आत म्हणायलाच हवं असंही नाही. आत्ता थांबवायचा आहे तो कार्यक्रम.

घरातलं एक माणूस निवडा, जे ऐकून घेईल आणि लगेच रडणार नाही. बऱ्याचदा ती वहिनी असते, नाहीतर थोरली बहीण. तिला एकटीला गाठा. जीपमध्ये, देवळात किंवा जेवायला वाढताना सांगू नका. तिच्याकडून निरोप एवढाच जाऊ द्या: त्याला आत्ता लग्न करायचं नाही, पुढच्या वर्षी बोलू. खरं कारण कधी सांगायचं ते तुमच्यावर. तुम्ही घरच्यांच्या पैशावर शिकत असाल किंवा मारहाणीची भीती असेल तर ते वर्षभर पुढे गेलं तरी चालेल. आधार कार्ड, मार्कलिस्ट, बँकेचं पासबुक स्वतःच्या ताब्यात ठेवा. दोन दिवस राहता येईल असं एक घर आधीच बघून ठेवा. सांगितल्यावर पहिल्या आठवड्यात जे बोललं जाईल ते मनावर घेऊ नका. माझे वडील आठ महिने बोलले नाहीत आणि मग एक दिवस तुरीच्या भावाबद्दल बोलायला लागले.

जावंच लागलं तर पोह्यांची बशी हातात घेऊन हसत बसू नका. मुलीशी दोन मिनिटं एकट्यानं बोलायला मिळतं हल्ली. तिला एवढं तरी सांगा, की मला हे लग्न करायचं नाही, तुमच्यात काही कमी नाही, नकार माझ्याकडून येईल.

आणि मामांनी व्हॉट्सॲपवर बायोडाटा पाठवला असेल, त्याला ‘छान आहे’ असं उत्तर देऊ नका. तुम्ही शिष्टाचार म्हणून लिहाल. पण संध्याकाळपर्यंत ते ‘छान आहे’ निलंग्यापर्यंत पोचलेलं असतं, आणि सोमवारी हॉल बघायला सुरुवात होते.